जास्तीचा त

निशातगंजचा पूल उतरता उतरता ई-रिक्शावाला मान न वळवता विचारतो, "कौन-सी गली?" गोमती मागे पडलेली असते. समोर फैजाबाद रोडची संध्याकाळ, हॉर्न, भाजीच्या गाड्या, अर्धवट ओढलेली शटरं. इथल्या गल्ल्या नंबरावर चालतात. तुम्ही म्हणता, "पाँचवीं गल्ली." आरशात त्याच्या भुवया किंचित वर जातात. "पाँचवीं गली," तो म्हणतो. आपण काही चूक सुधारली असं त्याला वाटतही नसेल. तुमचा ल तेवढा हलका करून त्याने परत दिला.

कोपऱ्यावर उतरता. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसलेले, एका डोळ्याला भिंग, पुढ्यात कुणाच्या तरी मनगटाचा काळ सुटा करून ठेवलेला. तुम्ही अदबीने विचारता, "करामत हुसैन कॉलेज का पत्ता बताइएगा?" ते भिंग काढतात. तुमच्याकडे नीट बघतात. मग म्हणतात, "पत्ता तो जनाब पेड़ पर होता है. पता पूछिए, तो हम बताए देते हैं."

हसावं की ओशाळावं हे ठरवायला तुम्हाला क्षणभर लागतो. आपल्याकडे पत्ता म्हणजे ठिकाण. इकडे पत्ता म्हणजे झाडाचं पान, आणि ठिकाणाला पता. एक त जास्त पडला आणि तुम्ही भर रस्त्यात कॉलेजचं पान मागत उभे राहिलात.

खिशातून फोन काढा. आवाज टिपून त्याचा आलेख दाखवणारं एखादं अॅप असेलच. आधी "पता" म्हणा, मग "पत्ता". स्क्रीनवर प्रत्येक शब्दाचे दोन डोंगर उमटतात, एकेका स्वराचा एकेक, आणि मध्ये दरी. पहिल्या शब्दात दरी अरुंद, दुसऱ्यात चांगली ऐसपैस. त्या दरीत काहीही नसतं. जीभ वरच्या दातांमागे टेकलेली, मागे हवा तुंबलेली, आवाज शून्य. साध्या त मध्ये ही कोंडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास टिकते. त्त मध्ये साधारण त्याच्या दुप्पट. जगभरच्या भाषांत हे प्रमाण बहुतेक दीडपट ते तिप्पट यांच्यामध्ये भरतं. पान आणि ठिकाण यांतला सगळा फरक या एवढ्याशा गप्प बसण्यात आहे.

तीच दरी म्हणजे दार. पुन्हा "पत्ता" म्हणायला सुरुवात करा, जीभ दातांमागे टेकवा, आणि सोडू नका. जितका वेळ अडवून धराल तितके मागे जाल.

सुरुवातीची वर्षं भरभर जातात. 1968च्या सुमाराला पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या फळीवर एक नवं कोरं पुस्तक दिसतं. अशोक केळकरांनी हिंदी-उर्दू शब्दांची ध्वनिव्यवस्था त्यात मांडली आहे. लखनौच्या जिभेचा हिशेब येरवड्याला बसून करणारा मराठी माणूस. हात लावायला वेळ नाही. 1960मध्ये अमेरिकेत पिकेट आणि डेकर हे दोघे संशोधक ऐकणाऱ्यांना एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा ऐकवत आहेत, 'टॉपिक'. दर खेपेला मधल्या प चं मौन थोडं लांबवतात. एका टप्प्यावर ऐकणाऱ्यांना 'टॉपिक'च्या जागी 'टॉप पिक' असे दोन शब्द ऐकू यायला लागतात. बोलण्याचा वेग वाढवला की तो टप्पा अलीकडे सरकतो. म्हणजे कानापाशी स्टॉपवॉच नाही. बोलणाऱ्याची लय धरून तो मोजतो.

हे ऐकून लखनौतल्याच एका मराठी माणसाने मान डोलावली असती. 1926मध्ये कैसरबागेत संगीताचं मॅरिस कॉलेज उघडतं, विष्णु नारायण भातखंड्यांनी उभं केलेलं; दोनच वर्षांनी श्रीकृष्ण रातंजनकर तिथे प्राचार्य म्हणून येतात. जाता जाता एका वर्गाबाहेर थबका. विलंबितात मात्रा लांबते, द्रुतात आकसते, आणि तरी सोळा त्या सोळाच. आत कुणीतरी बंदिशीतल्या म वर रेंगाळतंय. म वर रेंगाळता येतं, न वर, ल वर येतं, कारण तोंड किंवा नाक कुठूनतरी वाट मोकळी असते. त वर रेंगाळून बघा. गाणं थांबतं. वर्गातले लोक वळून बघायच्या आत पुढे चला, म्हणजे मागे.

1914ची थंडी. तुम्ही एका अंगणात उभे आहात आणि समोर बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली आहे. पलीकडे बायकांचं राज्य, तेव्हा दिसणार काही नाही. बरंच झालं. या विषयाला डोळ्यांचा उपयोग तसाही कमीच.

पलीकडे एक उस्तानी आठ-नऊ वर्षांच्या मुलीला बगदादी कायदा शिकवते आहे. कायदा म्हणजे अरबी वाचनाची बाराखडी. मुलगी हिज्जे करत जाते, म्हणजे अक्षरं फोडून मोठ्याने म्हणते. साधं अक्षर आलं की एकदाच, "बे ज़बर ब". मग डोक्यावर छोटीशी खूण असलेला ब येतो. "अलिफ़ बे ज़बर अब, बे ज़बर ब... अब-ब." उस्तानीचं समाधान होत नाही. "तोड़ो मत, बिटिया. रुको." मुलगी पुन्हा म्हणते. "अब-ब." "रुको, मगर साँस मत तोड़ो." तिसऱ्या खेपेला ओठ मिटतात, तसेच राहतात, आणि मग उघडतात. "अब्ब." चिकेच्या पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. मग उस्तानीचा आवाज, आता मऊ झालेला, "हाँ."

कागदावर अक्षर एक, हिज्ज्यात त्याला दोनदा हाक. पहिल्यांदा आधीच्या स्वराला दार लावायला, दुसऱ्यांदा पुढच्या स्वराला उघडायला. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात दोन पानं घेणारी गोष्ट त्या मुलीला बोटभर कायद्यातून कळली.

तुम्हीही ओठ मिटून बघता. ब्ब धरून ठेवणं त्त पेक्षा अवघड जातं. त चा कारभार निव्वळ शांततेचा. ब ला मात्र गळ्यातली कंपनं चालू ठेवावी लागतात, आणि ओठ बंद असताना कंपनासाठी सोडलेली हवा जाणार कुठे? गाल फुगतात, आतला दाब वाढतो, आणि घशातलं गुणगुणणं आपोआप विझत जातं. हे त्रांगडं असल्यामुळेच ब्ब, द्द, ग्ग यांना पुष्कळ भाषा जरा बिचकून असतात. र ची तऱ्हा आणखी वेगळी. साध्या र ला जीभ टाळूला एकदा फटका मारून येते. दुहेरी र ला ती फडफडते. अरबीत दरस म्हणजे तो शिकला, दर्रस म्हणजे त्याने शिकवलं. विद्यार्थी आणि मास्तर यांच्यातलं अंतर जिभेच्या एक-दोन फडफडींचं.

आता न आला. उस्तानी मुलीला नाकातून सूर धरायला लावते, आणि किती धरायचा ते बोटाने सांगते. हेही चिकेआडून दिसत नाही, फक्त तिचं म्हणणं ऐकू येतं, "एक उँगली, दो उँगली." दुहेरी न आणि दुहेरी म यांचा गुन्ना दोन हरकतींचा, आणि हरकत म्हणजे मिटलेलं बोट उघडायला लागतो तेवढा वेळ. सेकंद कुणी मोजत नाही. कुराणपठणाचे वेग तीन, संथ तहकीक, मधला तदवीर, जलद हद्र. वेग बदलला की बोटही त्या बेताने उघडायचं. कैसरबागेतल्या त्या वर्गाला हा नियम नव्याने शिकवावा लागला नसता.

तुम्ही ज्याचा पत्ता (बरं, पता) विचारत होतात त्या कॉलेजचं मूळ याच काळातलं. सय्यद करामत हुसैन हे अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायाधीश. त्यांनी 1912मध्ये लखनौत मुलींसाठी शाळा काढली, तिचंच पुढे निशातगंजातलं कॉलेज झालं. मुलींची शाळा काढणारे म्हणून त्यांचं नाव राहिलं. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या वेडाचं जास्त अप्रूप. न्यायाधीशाच्या झग्याखाली एक भाषावेडा होता. अरबी शब्दांच्या मुळांवर त्यांनी 'फिक्ह-उल-लिसान' नावाचा ग्रंथ लिहिला, तोही अरबीतच. दिवसभर कोर्टात "मुद्दई, मुद्दई" ऐकून घरी येणारा माणूस त्या शब्दातल्या द्द चं काय करत असेल? कारण हा द्द मुळात दोन वेगळ्या अक्षरांचा संसार आहे. धातूतला द आणि साच्यातला त शेजारी आले, त ने आपलं आडनाव सोडलं, आणि द चा द्द झाला. मराठीने त्याच घरातला मुद्दा उचलला आणि सभेत, संपादकीयात, भांडणात सगळीकडे मांडला. मुद्दा सोडून बोलू नका, असं आपण दरडावतो तेव्हा त्या लपलेल्या त ला कुणी विचारत नाही.

जीभ अजून दातांमागेच आहे ना? चला.

1880च्या पुढेमागे गोमतीच्या या बाजूला कागदाची गिरणी उभी आहे, अपर इंडिया कूपर पेपर मिल, 1879ची. आजही इथल्या वस्तीला पेपर मिल कॉलनी म्हणतात. गिरणीच्या मंडळींत मुन्शी नवल किशोरही आहेत, आणि त्यांचा छापखाना नदीपलीकडे 1858पासून चालू आहे. उर्दू, फारसी, अरबी, हिंदी, संस्कृत, छापायचं असं काही बाकी ठेवायचं नाही असा त्या छापखान्याचा बाणा. तुम्ही आत शिरता. शिळाछापाचं काम चाललेलं. कातिब मांडी घालून बसलेला, बोरूने चिकट शाईत कागदावर लिहितोय. हे लिखाण मग दगडावर उलटं उतरेल आणि दगडावरून सुलटं छापलं जाईल.

कातिबाच्या मागे उभे राहून त्याचा हात बघा. उर्दू मजकूर लिहिताना तो ती छोटी खूण, तशदीद, बहुतेक ठिकाणी सोडूनच देतो. वाचणाऱ्याला भाषा येते, त्याला कळेल. पता लिहा की पत्ता, उर्दू कागदावर दोन्हींची अक्षरं पुष्कळदा तीच: पे, ते, अलिफ. म्हणजे ज्या चुकीने तुम्ही घड्याळवाल्यांच्या तावडीत सापडलात ती तुम्ही लिहून दाखवली असती तर कुणाच्या लक्षातही आली नसती.

पुढच्या चटईवर कुराणाचं काम. तिथे हवा बदलते. तिथे एकही खूण सुटलेली चालत नाही. शेजारी बसलेला मुसह्हिह, म्हणजे तपासनीस, कातिबाच्या ओळीवरून नख फिरवत जातो. मध्येच नख थांबतं. एका अक्षराचं डोकं बोडकं राहिलंय. मुसह्हिह काही बोलत नाही, नख तिथेच ठेवतो. कातिब बोरू शाईत बुडवतो, दोन बोटांनी कागद ताणतो, आणि गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा तीन दातांचा एक कंगवा त्या अक्षराच्या डोक्यावर बसवतो. जोर नाही, झटका नाही. एवढी खूण नसती तर अर्थ फिरला असता, कारण अरबीत कतब म्हणजे त्याने लिहिलं आणि कत्तब म्हणजे त्याने दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. (शेवटचा ब मराठीसारखा तोडू नका, त्याच्यापुढे एक छोटासा अ आहे.) ह्या खोलीत पहिलं काम कातिबाचं, दुसरं मालकाचं. आणि मुसह्हिह या शब्दात स्वतःच एक दुहेरी ह दडलेला आहे, हे मला तरी फार शोभून दिसतं.

तो तीन दातांचा कंगवा आला कुठून, ते बघायला बरंच खाली जावं लागेल. श्वास भरून घ्या. वाटेत अवधचे नवाब आणि बादशहा उलट्या क्रमाने भेटतात, नसीरुद्दीन हैदर, आसफउद्दौला, पानिपतामुळे आपल्या ओळखीचा शुजाउद्दौला. सगळ्यांच्या नावात द्द. हा द्द सुद्धा बनावट बरं का. अरबी 'अल्' पुढे दीन किंवा दौला आला की ल आपला आवाज सोडून द होतो. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदांपुढे ल असा विरघळतो. त्या चौदांना सूर्याक्षरं म्हणतात, उरलेल्यांना चंद्राक्षरं. मराठ्यांनी शुजाशी तहाची बोलणी केली तेव्हा त्याच्या नावातला ल कुठे गेला याची चौकशी केली असेल असं वाटत नाही. त्यांना इतर व्याप होते.

आणि मग बसरा. आठव्या शतकाचा उत्तरार्ध. उन्हाने पांढरा पडलेला बाजार, खजुराच्या पाट्या, आणि कान किटवणारी तांबटांची आळी. पुण्याच्या तांबट आळीतून कधी दुपारी गेला असाल तर हा आवाज ओळखीचा आहे. ठक. ठक. ठक-ठक. हातोडा वर जातो तेव्हा शांतता, खाली येतो तेव्हा आवाज, आणि कारागिराचा हात बसलेला असेल तर शांततेची लांबीही ठरलेली.

गर्दीत एक माणूस थबकलाय. अंगावर साधे कपडे, नजर कुठेच नाही. हा खलील इब्न अहमद. अरबी वृत्तांचं शास्त्र याला तांबटांच्या ठोक्यांतून सुचलं अशी जुनी कथा आहे. खरी असो नसो, कथा रचणाऱ्याला शास्त्राचं मर्म कळलं होतं. खलीलने पंधरा वृत्तं बांधली, सोळावं नंतर कुणी भर घालून जोडलं. त्याची मोजायची रीत सरळ आहे. चालतं अक्षर आणि थांबलेलं अक्षर, मुतहर्रिक आणि साकिन. दुहेरी अक्षर आलं की तो त्याला दोन धरतो. आधी थांबलेलं, मग चालतं. चिकेआडच्या मुलीचे हिज्जे आठवतात? हीच फोड तिच्यापर्यंत अकराशे वर्षं चालत आली होती.

आणि तुमच्यापर्यंत? शाळेत लघु-गुरू शिकताना बाई सांगायच्या, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, दोन मात्रांचं. 'पता' मधला प एक मात्रा, 'पत्ता' मधला प दोन. त्या नियमामागे कान होता हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. तेव्हा तो निव्वळ मार्क घालवणारा नियम वाटला होता. प लांबत नाही, त लांबतो. पण मोजणारा ते वजन प च्या खात्यावर जमा करतो. बसऱ्याचा हिशेबनीस आणि आपला छंदशास्त्रकार पिंगळ वेगवेगळ्या वह्यांत लिहितात आणि बेरीज तीच येते.

खलील चालू लागतो, तुम्ही मागे. त्याने आणखी एक उद्योग केलाय. अरबी शब्दकोश रचताना अलिफ-बे चा क्रम बाजूला ठेवून अक्षरं तोंडातल्या जागेप्रमाणे लावायची, सगळ्यांत खोल घशातून निघणाऱ्या ऐन पासून सुरुवात करून ओठांपर्यंत यायचं. क-ख-ग पासून प-फ-ब पर्यंत घोकलेल्या माणसाला हा प्रवास घरचा वाटेल. ही कल्पना भारतातून तिकडे गेली की त्याला स्वतंत्रपणे सुचली यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मी त्यात पडत नाही. गळा सगळ्यांचा एकाच जागी असतो.

आता त्याच्या खांद्यावरून वाका. लिहिताना एका अक्षरावर जास्तीचं वजन द्यायचंय. आपण देवनागरीत सरळ अर्धा त आणि पूर्ण त शेजारी उभे करतो, जागा खर्ची घालतो. तो तसं करत नाही. 'शदीद' म्हणजे जोरकस, या शब्दाचं पहिलं अक्षर शीन घेतो, त्याचे ठिपके काढून टाकतो, शेपूट छाटतो, उरलेलं डोकं त्या अक्षरावर ठेवतो. तीन दातांचा कंगवा. अरबीत याला शद्दा म्हणतात, आपल्याकडे तशदीद. गंमत अशी की तशदीद या शब्दात एकही अक्षर दुहेरी नाही.

या कंगव्याचा अरबीत धाक आहे. मधलं व्यंजन दुहेरी केलं की क्रिया अंगात आल्यासारखी वाढते. कसर, त्याने मोडलं. कस्सर, त्याने तुकडे तुकडे केले. (आपली 'कसर' याच घराण्यातली.) आणि एखादं काम रोजचं झालं, धंदाच झाला, तरी मधलं व्यंजन दुहेरी. वाहतो तो हम्माल. भाव ठरवून देतो तो दल्लाल. नाणी पारखतो तो सर्राफ. तुंबड्या लावतो तो हज्जाम. सुगंध विकतो तो अत्तार. आणि हमाम म्हणजे कबुतरं, हम्माम म्हणजे न्हाणीघर.

खलीलला इथेच सोडा. तो विचारात इतका गढलेला असे की मशिदीत शिरताना खांबावर आपटून मेला असं सांगतात. त्याच्या मागे मागे जाणं जोखमीचं.

परतीला मात्र एकट्याने येऊ नका. वाटेवर शब्दांचा काफिला मिळेल, अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनेत आणि आपल्या दप्तरांत, बाजारांत, तमाशांत उतरलेला. त्याच्या बरोबर चालत या आणि कोण काय सामान टाकतो ते बघत रहा.

हम्मालाने आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिली, आणि स्वतःचा जास्तीचा म तेवढा वाटेत टाकला. आपल्याकडे पोचला तो हमाल. सर्राफ सोनं गुंजेपर्यंत तोलतो, पण त्याचा एक र तागडीतून घसरला. दल्लालाच्या दोन ल पैकी एक मध्येच कुणीतरी खाल्ला. कुणी, ते दलालालाच विचारा. हज्जामाचा ज बारीक कापला गेला. हम्मामाचा म गेला आणि तो हमाम झाला, त्यामुळे मराठी माणूस हमामखान्यात शिरतो तेव्हा अरबाच्या कानाला तो कबुतरखान्यात शिरल्यासारखा वाटेल. आणि अत्तार, जल्लाद? त्यांनी काहीही सोडलं नाही.

दुसऱ्या टोळीने उर्दूत गेल्यावर आवाज खाली केला. हक़, हद. पुढे स्वर आला तरच तिथे जुनं वजन जागं होतं, हद्द-ए-नज़र म्हणताना. मराठीने मात्र ते कधी झोपूच दिलं नाही. हक्क, हद्द, जिद्द, रद्द. आपल्याकडे माणूस हद्दपार होतो तेव्हा त्या द्द मध्ये फौजदाराचे बूट वाजतात. आपल्याला विभक्तीचा आधार मिळतो, हक्काने, हद्दीत, जिद्दीला. पुढे स्वर येतच राहतो आणि दुहेरी क ला टेकायला जागा मिळते.

तिसरी टोळी मला सगळ्यांत आवडते. यांच्याकडे निघताना जास्तीचं काहीच नव्हतं, ते मराठीत येऊन धष्टपुष्ट झाले. अरबी अक़्ल ची आपण अक्कल केली. नक़्ल ची नक्कल, शक़्ल नव्हे शक्ल ची शक्कल, अस्ल चं अस्सल, इत्र चं अत्तर. मला यात मराठी तोंडाचा एक शहाणपणा दिसतो. शेवटचे क्ल, स्ल आपल्याला उच्चारायला नकोसे, म्हणून मध्ये अ घातला. पण अ घातल्याबरोबर पहिलं अक्षर हलकं पडलं, ते भरून काढायला क दुणावला. वजन तेवढंच ठेवून आकार बदलला, सोनार दागिना मोडून नवा करतो तसा. क़लआ मधला घशातला ऐन आपल्याला झेपला नाही, त्याची भरपाई ल ने केली आणि किल्ला उभा राहिला. आणि मुक़ाम? अरबीत, उर्दूत त्याला एकच क. मराठीत तो मुक्काम झाला, आणि पाहुण्यासारखा एक क जास्त राहिला.

जीभ सोडा आता.

"...त्ता," तुमचं तोंड म्हणतं, आणि निशातगंज जागच्या जागी असतं. घड्याळवाले भिंग हातात धरून तसेच बसलेले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी शीळ घालतं आणि आकाशात घिरट्या घालणारी कबुतरं, हमाम, एक म वाली, तिरकी होऊन खाली उतरायला लागतात. ते गृहस्थ हाताने रस्ता दाखवतात, इथून सरळ, मग उजवीकडे, समोरच फाटक. तुम्ही "शुक्रिया" म्हणता. ते विचारतात, "महाराष्ट्र से?" तुम्ही मान हलवता. "जी, वो पत्ते से समझ गए थे," ते म्हणतात.

ते भिंग पुन्हा डोळ्याला लावतात आणि चिमट्याने एक चाक उचलतात.

फोन वाजतो. घरून आई. ती लखनौबद्दल विचारत नाही, कॉलेजबद्दल विचारत नाही. सापडला का पत्ता, एवढंच. तुम्ही म्हणता सापडला. "अग्गोबाई," ती म्हणते, "कित्ती वेळ फोन लावतेय मी!" आणि त्या कित्ती मध्ये ती जीभ इतकी अडवून धरते की तांबटाचा हातोडा सावकाश वर जाऊन पुन्हा खाली येईल.